सहा फूट की कमरेएवढं

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. माझ्या पत्रात पहिलं पान मोजमापाचं असतं आणि दुखणं शेवटच्या ओळीत, असं तू नेहमी म्हणतेस. म्हणून या वेळी दोन्ही एकदम लिहितो. मागच्या अंगणातलं तारेचं कुंपण परवाच्या वाऱ्याने आडवं झालं. खांब मुळाशी कुजलेले होते. लांबी एकतीस फूट चार इंच. आता आमचं अंगण कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, हे फक्त मला आणि माझ्या टेपला माहीत आहे.

हा शेजारी तू पाहिलेला नाहीस. तू येऊन गेल्यावर तो राहायला आला. कापडाच्या गिरणीत मागावर आहे. पाळी सकाळची, त्यामुळे दुपारी तीनला घरी हजर. तिशीचा, उंच, दाढीमिशी सफाचट. लग्न झालेलं नाही. घरात म्हातारी आई आहे म्हणतात; मी तिला एकदाच पाहिली, सामान उतरवताना. आम्ही सगळे त्याला मागवाला म्हणतो.

तर मागवाला तीनला येतो आणि सव्वातीनला आमची ही वाळत घातलेले कपडे काढायला मागे जाते. कपडे एक वाजेपर्यंत वाळतात, ताई. ऊन मी पाहतो, कोच-खुर्च्या मढवणाऱ्याला उन्हावर नजर ठेवावीच लागते. माझ्या कामाच्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला मी कागद चिकटवलाय, खुर्च्यांचं कापड विटू नये म्हणून. वरच्या अर्ध्या काचेतून मला अंगणातली माणसं छातीपासून वर दिसतात. म्हणजे दोन डोकी दिसतात. एक हिचं, एक त्याचं. पाऊण तास.

माझं म्हणणं सरळ आहे. सहा फूट उंच फळ्यांचं कुंपण घालायचं, फळीला फळी चिकटून, मध्ये नखही जाऊ नये. लाकूड मी स्वतः रंधून घेईन. ही म्हणते, नको, मेंदी लावू. मी म्हटलं, मेंदीला माणसाच्या उंचीची व्हायला तीन वर्षं लागतील. तर म्हणते, उंच कशाला करायची, कमरेएवढीच ठेवू की.

कमरेएवढी! मग ती मेंदी आडोसा कशाला करणार, कमरेला?

तुम्ही दोघं रोपवाटिकेत काम करता, म्हणून तुला विचारतो. भावोजींनाही विचार. पण उत्तर तू दे.

लोभ आहे तो घडी मोडू न देता तसाच जपून ठेवावा.

तुझा,
भाऊ

ता. ९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. एकतीस फूट चार इंच वाचून भावोजी म्हणाले की तुझा भाऊ उद्या नवरा-बायकोतलं अंतरही इंचात कळवेल. मी त्यांना दटावलं, पण हसूही आलं.

तू मेंदी की फळ्या हे विचारलंस, त्याचं उत्तर आधी देते. मेंदी. फळ्या पहिल्या दिवशी सगळ्यात देखण्या असतात आणि मग दर वर्षी थोड्या थोड्या मरतात. झाडाचं उलटं असतं. शिवाय फळ्यांच्या सावलीत एकतीस फुटांची पट्टी ओली राहणार, शेवाळ धरणार, आणि मग तू मला शेवाळाची लांबी कळवणार. आमच्याकडे पन्नास रोपं तयार आहेत, बोटभर जाडीची. म्हणशील तेव्हा टेम्पोने धाडते.

आता तू जे विचारलं नाहीस त्याचं उत्तर. तू सात वर्षांचा असताना मी शेजारच्या मुलीला वेणी घालून दिली होती. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. वेणी घालण्याएवढे केस तुझ्या डोक्यावर नव्हते, पण दुसऱ्या कुणाला मिळाली म्हणजे तुझी गेली, हा तुझा हिशेब तेव्हापासूनचा. चौदा महिने झाले लग्नाला. दोन डोकी खिडकीतून मोजत बसण्यापेक्षा तिसरं डोकं घेऊन तू बाहेर जा. जाशील तेव्हा ती मिशी मात्र घरी ठेवून जा. लग्नात पोक्त दिसायला वाढवलीस ते ठीक, पण मागच्या फोटोत तुझा वरचा ओठ कुठे आहे ते मला भिंग घेऊनही सापडला नाही.

तिला माझा आशीर्वाद सांग. तुझ्यावरची माया आणि तुझे कान, दोन्ही माझ्या हातात आहेत हे विसरू नये.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू थट्टेवारी नेलंस. वेणीचं तू अजून विसरली नाहीस, मीही नाही. पण हे वेणीचं नाही. मी तुला पाहिलेलं लिहितो, मनाचं काही नाही.

परवा मी कोचाला पट्टे ठोकत होतो. ही स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी. मी कात्री मागितली. उत्तर नाही. पुन्हा मागितली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा मोठ्याने मागितली तेव्हा वळली आणि पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायलो आणि उठून कात्री घेतली. आठवीतून शाळा सुटली तरी कुणाला किती बोलायचं एवढं मला कळतं.

त्याच दिवशी सव्वातीनला मी खिडकीतून पाहिलं. मागवाला त्याच्या बाजूला उभा. तोंड हलतंय पण आवाज नाही. खिडकी उघडी होती, ताई, मी मुद्दाम उघडली होती. अक्षरही ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलवतो, मोठे मोठे करून, मध्येच बोटांनी हवेत काहीतरी कापतो, भुवया उडवतो. आणि हिला सगळं कळतं! ही मान डोलावते, हीपण तसेच ओठ हलवते, आणि मग हसते. मान मागे टाकून, दात दाखवून. हे हसणं मी घरात पाहिलेलं नाही. माझ्या विनोदाला ही पाहुण्यांसमोर हसावं तेवढंच हसते, तेही जरा उशिरा. माझ्या तीन हाका वाया जातात आणि त्याचं बिनआवाजी बोलणं हिला पोचतं. ज्या बोलण्याला आवाज लागत नाही ते बोलणं कसलं असतं, हे तूच सांग.

मी रात्रीच्या जेवणाला विचारलं की मेंदीचाच हट्ट का. म्हणाली, सहा फूट लाकूड उभं राहिलं की पेटीत बसल्यासारखं होईल. मी म्हटलं, आपण दोघं आहोत ना पेटीत. त्यावर तिने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली की फळ्या लागल्या तर ती काही दिवस आईकडे जाऊन राहील. काही म्हणजे किती, ते सांगितलं नाही.

म्हणजे आता गोष्ट कुंपणाची राहिलेली नाही. फळ्या लावल्या तर ही जाते. नाही लावल्या तर ही इथेच राहून जाते. तू सांग, मी कुठला खांब आधी पुरू?

तुझा लोभ मला मोजून नको, सढळ हाताने हवा.

भाऊ

ता. १७ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न.

मी तुम्हाला वेगळं पत्र लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. ह्यांच्याइतकं शुद्ध मला लिहिता येत नाही, सांभाळून घ्या. ह्यांनी तुम्हाला कुंपणाचं लिहिलं असेल. आणि शेजारच्यांचंही. ते माझ्याशी आता खुर्चीशी बोलल्यासारखं बोलतात, म्हणून मला कळलं.

ताई, मला ऐकू येत नाही. एकोणिसाव्या वर्षी मोठा ताप आला, त्यात डावा कान गेला. उजव्या कानाने थोडं येतं, पण तेही दर महिन्याला कमी होतंय. डॉक्टरांनी सांगितलंय की जाईल. लग्नाआधी आईने मला बजावलं होतं, बोलू नकोस, उजव्या कानावर निभावून जाईल. मी समोरच्याच्या तोंडाकडे बघून निभावत होते. अडलं की मान डोलवायची आणि थोडं हसायचं. आता ह्यांना सांगितलं तर फसवलं म्हणतील. आणि ते खोटं म्हणणार नाहीत.

शेजारच्या आजी चाळीस वर्षं मागावर होत्या. त्यांचे कान तिथेच गेले. मागांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतली सगळी माणसं ओठांनी बोलतात. आजी आणि त्यांचा मुलगा घरातही तसंच बोलतात. पहिल्याच आठवड्यात आजींनी मला ओळखलं. मी त्यांच्या तोंडाकडे कशी बघते त्यावरून. तेव्हापासून दुपारी त्या भिंतीशी बुटक्या स्टुलावर बसतात आणि मला शिकवतात. त्यांना गुडघ्यांमुळे उठता येत नाही, आमच्याकडे यायला तीन पायऱ्या आहेत. मी त्यांच्या पुढच्या दारातून जायचं तर ह्यांच्या कामाच्या खोलीतून जावं लागतं, आणि कुठे निघालीस विचारलं तर मी काय सांगू. म्हणून कुंपणापाशी. मला चुकलेलं समजलं नाही की मुलगा मोठं तोंड करून समजावतो आणि गिरणीतल्या गमती सांगतो. तो मला धाकटी म्हणतो.

फळ्या लागल्या तर माझी शाळा बंद. उजवा कान जाण्याआधी मला पूर्ण शिकायचं आहे.

आणखी एक लिहिते, हसू नका. हे घरी काम करतात तेव्हा ओठांत बारीक खिळे धरलेले असतात, वर मिशी, आणि मान खाली. मला ह्यांचं बोलणं दिसतच नाही. गिऱ्हाइकं ह्यांच्याशी बोलून हसत हसत बाहेर पडतात. हे फार विनोदी आहेत असं सगळे सांगतात. चौदा महिन्यांत मला ह्यांचा एकही विनोद पुरता कळलेला नाही. मला त्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटतो.

ह्यांना तुम्ही सांगू नका. मीच सांगेन, धीर झाला की. माझ्यावर लोभ होता तो हे वाचल्यावरही उरला असेल तर कळवा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. २३ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही. ऐक. एकही खांब पुरू नकोस. आधी तोंडातले खिळे काढ, बशीत ठेव, तिच्या समोर बस आणि जे मला लिहितोस ते तिला विचार. समोर बस म्हणजे समोर बस. पाठीमागून नाही, शेजारच्या खोलीतून नाही, काम करता करता नाही. हे मी एकदाच सांगते आहे आणि का सांगते ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

रोपं बाजूला काढून ठेवली आहेत. तिला वेगळं पत्र टाकलंय, ते फोडू नकोस.

माया आहे, म्हणून तर एवढी चिडले आहे.

ताई

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. खिळे बशीत ठेवले, सत्तावीस होते. खिडकीला पाठ करून बसलो, हिला समोर बसवलं. मी हळू आवाजात, एकही कडू शब्द न वापरता बोललो. तुला काय वाटतं, मी आधी कागदावर लिहून काढलं होतं. मी म्हटलं की मला मागवाल्याचा त्रास होतो, तो कदाचित माझाच दोष असेल, पण माझ्या मनासाठी फळ्या लावू दे, मी तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. संध्याकाळचं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, हिचे डोळे बारीक झालेले. ही माझ्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी तिने मान डोलावली आणि थोडं हसली.

हो म्हणाली, ताई! मी त्याच आठवड्यात लाकूड आणलं. ही दोन दिवस आईकडे गेली होती, तेवढ्यात खांब उभे केले आणि काल संध्याकाळपर्यंत फळ्या मारल्या. दोन खांबांमधल्या चार फळ्या राहिल्यात, दीड फुटाचं खिंडार. ही आज सकाळी आली, मागचं दार उघडलं आणि तिथेच बसली. रडली. मी म्हटलं, तूच हो म्हणालीस. तर म्हणते, कधी?

कधी! मग आत जाऊन कपडे भरायला लागली. म्हणजे माझ्यासमोर मान डोलवायची ती खोटी आणि त्याच्यासमोर डोलवायची ती खरी. तू तिला वेगळं पत्र लिहितेस, मागवाला तिच्याशी वेगळं बोलतो, सगळ्यांचं सगळ्यांशी काहीतरी आहे, आणि मी घरातला माणूस बाहेर उभा. आता सव्वातीन वाजलेत. ती मागे गेली आहे, निरोप घ्यायला असेल. मी शेवटच्या चार फळ्या घेऊन शिडीवर चढतो.

तोच दिवस, संध्याकाळ

पत्र पाकिटात घातलं नव्हतं, बरं झालं. ताई, मी पुढचं क्रमाने लिहितो, नाही तर लिहिता येणार नाही.

मी शिडीवर चढलो. सहा फुटांच्या वरून पहिल्यांदाच पलीकडे पाहिलं. मागवाला होता. आणि भिंतीशी बुटक्या स्टुलावर त्याची आई होती. ती रोज तिथेच बसत असणार, माझ्या खिडकीच्या कागदाआड. आमची ही खिंडारातून अर्धी पलीकडे वाकलेली, माझ्याकडे पाठ, डोळे त्या म्हातारीच्या तोंडावर. म्हातारी आवाज न काढता ओठ हलवायची आणि ही मोठ्याने म्हणून दाखवायची. उंबरा. चादर. परत ये. मग पुन्हा, परत ये. मुलांना वाचायला शिकवतात तसं चाललं होतं. फक्त दोघी रडत होत्या.

मी हाक मारली. तोंडात खिळे होते, ते थुंकून पुन्हा मारली. माझा तोल गेला आणि हातोडा फळ्यांच्या ढिगावर पडला. बंदुकीसारखा आवाज झाला. मागवाला दचकून वळला. म्हातारी वळली नाही. ही वळली नाही. हातोडा हिच्यापासून चार फुटांवर पडला होता. मी नंतर मोजलं.

मी शिडीवर किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. मागवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं असावं, कारण त्याने आईला बोटाने मी दाखवलो, म्हातारीने हिला दाखवलं, आणि मग ही वळली. माझं तोंड पाहून तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. मारायला आलेल्यासमोर ठेवतात तसे.

मागवाला मला म्हणाला की तुम्हाला माहीत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. चौदा महिने एका घरात राहून माणसाला कसं कळणार नाही. त्याने टोमणा मारला नव्हता. पण लागायचा तो लागला.

तर आता मला माहीत आहे. हिने सगळं सांगितलं. ताप, डावा कान, उजवा कान, आईची ताकीद. फसवलं म्हणून मी रागावेन अशी तिला भीती होती. राग आला, खोटं कशाला सांगू. पण तो फसवल्याचा नव्हता. मागवाल्याला माहीत, त्याच्या आईला माहीत, तुला माहीत (तुझ्या पत्रातलं समोर बस मला आज कळलं), आणि मला सगळ्यात शेवटी. उन्हाकडे पाठ करून मी बसलो, तेव्हा माझं तोंड तिला काळं ठिक्कर दिसत होतं. तिने मान डोलावली ती अडल्यावर डोलावते तशी. मी लिहून काढलेलं माझं सगळ्यात चांगलं भाषण एकाही माणसाने ऐकलेलं नाही.

तो कागद माझ्या खिशात होता. मी तो तिला दिला. तिने तो तीनदा वाचला. मग बॅगेतून कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले, पण बॅग माळ्यावर टाकली नाही, दाराशीच ठेवली आहे. मी तिला टाक म्हटलेलं नाही.

रोपं पाठव.

तुझा,
भाऊ

ता. २६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पन्नास रोपं मिळाली, दोन मान टाकलेली होती, तीही सावरली. साडेसात इंचांवर एक लावलं. तू म्हणशील साडेसात कशाला, आठ चालतं. एकतीस फूट चार इंचाला पन्नास रोपं तशीच बसतात.

फळ्या मी काढल्या नाहीत, कापल्या. खांबांसकट, कमरेवर. मेंदी तेवढी होईपर्यंत असू देत. मागवाला करवतीचं दुसरं टोक धरायला आला. आम्ही दोघांनी दिवसभर करवत ओढली आणि चार वाक्यं बोललो, त्यातली दोन करवतीबद्दल होती. माणूस वाईट नाही. मला तो आवडत नाही, पण माणूस वाईट नाही. कापलेल्या फळ्यांची मी म्हातारीसाठी पाठ टेकायची, हात असलेली खुर्ची केली, काथ्या भरून मढवली. आता ती खिडकीतून दिसते.

खिडकीचा कागद काढला. कापड विटेल तर विटू दे. कामाचं टेबल फिरवलं, आता उजेड माझ्या तोंडावर येतो. खिळे बशीत असतात. काम निम्म्याने हळू होतं आणि बोटं ठेचतात, पण सवय होईल. मिशी काढली. आरशात मी तुझ्यासारखा दिसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरं दुखणं. म्हातारीने हिची परीक्षा घेतली, कुणाचे ओठ किती वाचता येतात त्याची. पहिली म्हातारी, दुसरा मागवाला, तिसरा मी. ताई, तिसरा! मी ओठ आवळून बोलतो म्हणे, शब्द मोजून दिल्यासारखे. आठवीतही माझा तिसराच नंबर होता, पण तेव्हा वर्गात चाळीस मुलं होती. मी रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर तोंड वासून सराव करतो. मागवाल्याला मागे टाकल्याशिवाय मी थांबणार नाही. मेंदी कमरेला यायच्या आत.

काल सव्वातीनला ही अंगणात होती आणि मी खिडकीच्या आत. काच बंद होती. मी काचेवर टकटक करणार होतो, मग आठवलं. हात हलवला. तिने पाहिलं. मी आवाज न काढता, ओठ मोठे मोठे करून माझा एक जुना विनोद सांगितला. गिऱ्हाइकाच्या कोचात सापडलेल्या तीन दातांच्या कवळीचा, तुला माहीत आहे तो. अर्ध्यावर मला वाटलं जमत नाहीये. पण मी पूर्ण केला.

तिने मान मागे टाकली आणि हसली. तेच हसणं, ताई. दात दाखवून, उशीर न करता. मागवाला कुंपणापलीकडून पाहत होता की ही कशाला हसतेय, आणि मी त्याला काही सांगितलं नाही.

मग तिने मला ओठांनी काहीतरी उत्तर दिलं. चार-पाच शब्द असतील. मला एकही कळला नाही. पुन्हा म्हण म्हटलं, तिने मानेनेच नाही म्हटलं. म्हातारीने वाचलं होतं, ती खुर्चीत गदगदा हसत होती. मागवाल्यानेही वाचलं होतं. त्याला विचारण्यापेक्षा मी शिकेन. उद्यापासून सव्वातीनला मीही मागे जाणार आहे, दुसरा विद्यार्थी म्हणून.

बॅग आज सकाळी माळ्यावर गेली. मी टाकलेली नाही.

तुझा लोभ आहेच. तोंडी सांगायला येशील तेव्हा उजेडाकडे तोंड करून बस.

भाऊ